क्लोराइडचा उंचवटा

त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. तो आमच्या वीजकेंद्रात शिफ्टचा प्रमुख होता, मी प्रयोगशाळेतली केमिस्ट. रोज सकाळी जाम गावच्या चौकातून कंपनीची बस पकडून मी यायची आणि बॉयलरच्या पाण्याचे नमुने तपासायची. त्या पाण्यात मिठाचा अंशही चालत नाही. नळ्या आतून कुरतडल्या जातात. त्यासाठी आमच्याकडे आयन क्रोमॅटोग्राफ होता. नमुना टाकला की पाण्यातले क्षार वेगळे होतात आणि पडद्यावरच्या रेघेत एकेकाचा उंचवटा उठतो.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी हातमोज्यांशिवाय बाटली भरली होती. बोटांचा घाम पाण्यात उतरला, मिठातलं क्लोराइड दिसलं आणि सगळ्यांची उगाच धावपळ झाली. चूक माझीच, मी कबूल केली. त्याने मात्र ती जपून ठेवली. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की म्हणायचा, "मॅडम, आधी हात पुसून या." बाकीचे हसायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी क्लोराइड पुन्हा दिसलं. या वेळी कंडेन्सरमधून परतणाऱ्या पाण्यात. म्हणजे वाफ थंड करणारी एखादी नळी फुटून नदीचं पाणी आत शिरत होतं. मी नवे हातमोजे घातले, दुसरी बाटली भरली, यंत्राची खात्री करायला निव्वळ शुद्ध पाणीही त्यातून चालवून पाहिलं. ते स्वच्छ निघालं. नमुन्यातला उंचवटा वाढलेला.

मी फोन केला. तो आला आणि पडद्याकडे न बघता त्याने नोंदींची वही माझ्यापुढे सरकवली.

"कालचाच आकडा लिवा."

"नाही लिहिणार, साहेब."

"तुमच्या घामापायी युनिट बंद करू काय मी? वरच्याइले काय सांगू?"

"मग तुम्हीच आणा नमुना. तुमच्या हाताने."

प्रयोगशाळेतल्या सगळ्यांसमोर म्हटल्यामुळे त्याला जावंच लागलं. बाटली आणून त्याने टेबलावर आपटली. यंत्र चालू असताना आम्ही दोघं शेजारी उभे होतो. उंचवटा उठला.

"मशीनच बिघडली असंन," तो म्हणाला. तेवढ्यात कंट्रोल रूममधून फोन आला, पाण्यातले क्षार मोजणारं तिथलं मीटरही चढत होतं. तो माझ्याकडे न बघता निघून गेला. संध्याकाळपर्यंत गळकी नळी सापडली, बूच मारून बंद केली.

अहवालात आलं, 'शिफ्ट प्रमुखांच्या सतर्कतेमुळे गळती वेळीच सापडली'. मी मोठ्या साहेबांकडे गेले.

"जाऊ द्या ना मॅडम, युनिट वाचलं ना," ते म्हणाले.

मी जाऊ दिलं नाही. यंत्रातून निघालेले, वेळा छापलेले सगळे कागद जोडून लेखी तक्रार दिली. दोन आठवड्यांनी अहवालातली ती ओळ बदलली. प्रयोगशाळेचा उल्लेख आला, माझं नाव आलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, मीही नाही. त्याची बदली झाली तेव्हा निरोपाच्या चहाला सगळी प्रयोगशाळा गेली. मी दार लावून घेतलं आणि दुपारचे नमुने चालवत बसले.