झांजा नसलेली दंडार

आमच्या गावात एका दंडारीवरून दोन तट होते. दंडार म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ. शाहीर गातो, मागे उभे असलेले दोन झीलकरी त्याच्या ओळीचं शेपूट उचलून धरतात, बाईचं सोंग पुरुषच घेतो. अशा दंडारी पुष्कळ होत्या. मी म्हणते ती वैनगंगेकाठच्या एका गावची. तिच्यात झांजा होत्या. भजनातले टाळ नव्हेत. काशाच्या, ताटाएवढ्या झांजा. वाजवणारा पोट सुटलेला, उघड्या अंगाचा माणूस होता आणि तो डोळे मिटून वाजवायचा. त्या वाजल्या की बाया कानावर पदर घ्यायच्या आणि तळ्यावरचे बगळे उठायचे.

माझा बाप त्या दंडारीचा वेडा. आमचा शेजारी तिचा वैरी. तो म्हणायचा, "ही दंडार हाय का कासाराचं दुकान?" बाप म्हणायचा, "तुया कानात दम नाई, त्याले दंडार काय करन?" हे दरवर्षी चालायचं. मी बापाच्या बाजूची. चार वर्ग शिकले, पण शाळेतलं काही मला त्या आवाजाएवढं आवडलं नाही. छातीत काहीतरी हलायचं आणि डोक्यात दुसरं काही उरायचं नाही.

मी सांगते त्या साली इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी सतराची होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बापाकडे आले होते. जेठात मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. त्यानंतर मी बोलले नाही. बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं. बोलावंसं काही नव्हतं, एवढंच. पाणी भरत होते, धान कांडत होते, जेवत होते. बाया म्हणाल्या, रडली असती तर बरं झालं असतं. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

आखाडात सासू नदी ओलांडून आली, मला पाहिलं आणि ओसरीवर बापाला म्हणाली, "मुकी सून घेऊन मी काय करू? दिवाळी होऊ द्या. मंडईले येतो आमी. तोवर बोलली तं नेतो. नाई तं पोराचं दुसरं पाह्यतो." भावजय आतून ऐकत होती. तेव्हापासून ती रोज सकाळी विचारायची, "आज तरी बोलता का बाई?"

मला जायचं होतं का? इथे भावजयीची चूल होती, तिथे माझी. जायचं होतं. त्यासाठी तोंड उघडणं भाग होतं आणि ते होत नव्हतं.

आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की प्रत्येक गाव आपापला दिवस धरून जत्रा भरवतं, तिला मंडई म्हणतात. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, ऊस आणि शिंगाडे विकायला येतात आणि भर दुपारी दंडार होते. आज या गावी, परवा त्या गावी. त्यामुळे एकच खेळ दहा दिवसांत तीन-चारदा ऐकायला मिळायचा. आमच्या गावच्या मंडईचा नारळ, म्हणजे खेळाचं आमंत्रण, बापाने त्याच दंडारीला दिला होता. त्याला वाटत होतं, झांजा ऐकून मी बोलेन. तसं तो म्हणाला नाही, पण नारळ देऊन आल्यावर माझ्याकडे दोनदा पाहिलं.

पहिला खेळ शेजारच्या गावात होता. बाप, शेजारी आणि मी रेंगीत बसून गेलो. रेंगी म्हणजे आमची हलकी बैलगाडी. दंडार उभी राहिली तर झांजा नाहीत. ढोलकी एका बाजूला आडवी ठेवलेली. शाहिराच्या समोर एक जुनी पेटी. खेळही नवा होता. एक बाई तळ्यावर गप्पा मारत बसते आणि पाणी भरायची पितळेची गुंडी तिथेच विसरते. परत जाते तर गुंडी नाही. मग दारोदार विचारत फिरते, "माझी गुंडी कोनी पाह्यली का बाई?" ज्या दारात जाते तिथली बाई आपलंच रडगाणं सांगते. गोष्ट हसायची होती. शाहीर मात्र ती सावकाश गात होता, आणि ओळ संपली की झीलकरी गप्प. नुसते उभे.

लोक ओरडू लागले. "मयत हाय का रे इथी?" अर्धे उठून ऊस घ्यायला गेले. मला राग आला. ओळ संपली की तिथे झील आलीच पाहिजे, आणि ती येत नव्हती. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं दर कडव्याला होत होतं. अशी टाकाऊ दंडार मी आयुष्यात पाहिली नाही, असं माझं मत झालं.

परत येताना शेजारी खुशीत होता. "आता कशी मानसावानी गायली."

"मानसावानी नाई, दुखनेकऱ्यावानी," बाप म्हणाला.

"भाऊ, दहा वर्सं तुया झांजांनं माया कानात भुंगे सोडले. आज पह्यल्यांदा दंडार आयकली म्या."

"तं मंग कीर्तनाले जात जा."

"कीर्तनात काय चाल्लं ते समजते तरी."

बापाने बैलाला उगाच एक मारली आणि मागे वळून मला म्हणाला, "तू सांग पोरी, कशी होती?"

वाईट होती, असं म्हणायचं होतं. शब्द दातापर्यंत आला आणि तिथेच राहिला. बापाने थोडी वाट पाहिली आणि तोंड फिरवलं.

तीन दिवसांनी दुसऱ्या गावची मंडई. बाप खेळाआधीच शाहिराला गाठायला गेला. मला बरोबर नेलं. दंडारीची माणसं मोहाच्या झाडाखाली बसली होती. बाईचं सोंग घेणारा दाढी घोटत होता.

"झांजवाला कुठी हाय?" बापाने विचारलं.

"घुग्घुसले गेला. कोळशाच्या खानीत लागला," शाहीर म्हणाला. "तिथी पगार हाय. मी काय देतो त्याले?"

"अन् झीलकरी काऊन मुके केले?"

"त्यायचा आवाज झांजेखाली दबून होता भाऊ. झांज गेली तवा समजलं, एकबी सुरात नाई."

"मंग उभे काऊन करता?"

"आमच्यासंग जेवतेत. उभं राह्याले काय जाते त्यायचं?"

दाढी घोटणारा हसला. झीलकरीही हसले. बापाला हसू आलं नाही. शाहीर म्हणाला, "पन एक हाय. झील नसली का लोक शब्द आयकतेत. मलेबी आताच मालूम पडलं."

म्हणजे त्यात काही मोठा विचार नव्हता. माणूस नव्हता म्हणून झांज नव्हती. हे कळल्यावर माझा राग कमी झाला. त्या दुपारी मी शब्द ऐकले. त्या दंडारीला लहानपणापासून जात होते, पण शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. चौथ्या दारातली बाई आपल्या पायाच्या दुखण्याबद्दल बोलते. पाचव्या दारातली मुलगा घरी येत नाही म्हणून बोलते. गुंडी पाहिली नाही, एवढं एकही बाई म्हणत नाही. गुंडीवालीला तेवढंच ऐकायचं असतं, म्हणजे ती पुढच्या घरी जाईल.

जेठापासून माझ्याकडेही बाया येत होत्या. प्रत्येकीने आपलं कोण गेलं ते सांगितलं आणि चहा पिऊन गेली. माझी मुलगी कशी होती, हे एकीनेही विचारलं नाही. तेव्हा हे मी असं जुळवलं नव्हतं. तेव्हा एवढंच वाटलं की दंडार टाकाऊ नाही. चांगली आहे असंही वाटलं नाही.

त्यानंतर आमच्या गावची मंडई. आदल्या दिवशी चावडीवर लोकांनी बापाला धरलं. "झांजा नसन तं आमी उठून जाऊ. नारळ तू देल्ला, तूच बसून आयक." शेजारी एकटा बापाच्या बाजूने बोलला आणि बापाला ते जास्त लागलं.

दुपारी सासू आली, नवरा आला. नवऱ्याने लांबूनच माझ्याकडे पाहिलं आणि ऊस पाहायला निघून गेला. सासू बायांमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली.

"बरी हायेस का?"

मी मान हलवली.

"मानेले नाई इचारलं मी."

तिने लुगड्याचा सोगा झटकला आणि पुढे पाहू लागली. मला वाटलं, झालं. ठरलं हिचं.

खेळ सुरू झाला. पहिल्या कडव्याला लोक कुजबुजले. दुसऱ्याला कोणीतरी खोकल्याचं सोंग केलं. तिसऱ्या दारात बाईचं सोंग घेतलेला सोंगाड्या थांबला, कमरेवरची रिकामी जागा चाचपली आणि म्हणाला, "माझी गुंडी कोनी पाह्यली का बाई?" झीलकरी उभे. पेटीही थांबली. मागून एकजण म्हणाला, "तुया झांजवाल्यानं नेली घुग्घुसले." सगळे पुरुष हसले. सोंगाड्याचा चेहरा उतरला. तो हसून वेळ मारून नेऊ शकला असता, पण त्याला ते जमलं नाही. तो तसाच उभा राहिला.

मी म्हणाले, "नाई पाह्यली."

गायले नाही. शेजारणीला सांगावं तसं म्हणाले. बाईमाणसाने दंडारीत तोंड घालायचं नसतं. सगळ्या बायांनी माना वळवल्या. सोंगाड्याने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढच्या दाराकडे गेला. शाहिराने पुढचं कडवं उचललं. पुढच्या दारात मी पुन्हा म्हणाले. त्याच्या पुढच्याला माझ्यामागे बसलेली एक म्हातारी माझ्याबरोबर म्हणाली. पुरुष काही उठून गेले नाहीत. कोण बोलतंय ते पाहायला थांबले.

खेळ संपला तशी सासू माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "पाच महिने बापासंग नाई बोलली, माह्यासंग नाई बोलली. सोंगाड्यासंग बोलली."

मी खाली पाहत होते.

"घरी बोलशीन का?"

"बोलीन."

"किती?"

"काम पडन तेवढं."

तिने विचार केला. "पुरे तेवढं. धान कापाले आलं हाय. सकाळी निघू."

पुढे गावात म्हणू लागले की दंडारीने माझी वाचा परत आणली. खोटं आहे. त्यानंतरही कित्येक वर्षं मी कमीच बोलले आणि आत तसंच कोरडं होतं. सासूने नेलं कारण कापणीला हात हवे होते. तो खेळ मात्र गाजला. तेव्हा शिव्या देणारे आता म्हणतात, आम्हाला पहिल्याच दिवशी आवडला होता. मी तो पुढे पाच-सहा वेळा पाहिला असेल. शाहिराचा गळा सावकाश गाण्याचा नव्हता आणि शेवटची तीन दारं नसती तरी चाललं असतं. पण त्या झांजांच्या दंडारीतला एक शब्द मला आठवत नाही, आणि याच्यातले सगळे आठवतात. मत म्हणून विचाराल तर एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाने आम्हाला नदीवर सोडायला रेंगी जुंपली. सासू आणि नवरा मागे बसले. बाप मला म्हणाला, "शाहीर सांगत होता, पुढल्या साली झांजवाल्याले सुट्टी काढाले लावतो. तसं झालं तं नारळ त्यालेच."

"नोका आनू म्हना झांजा," मी म्हणाले.

बाप हातातला कासरा तसाच धरून उभा राहिला. "पाच महिन्यानं बापासंग बोलली, अन् हे?"

"तुमी सांगत होते म्हनून बोललो."

"तुले काय समजते दंडारीतलं?"

मागे सासू खाकरली. बाप पुढे बसला आणि नदीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी एकदा त्याला सांगितलं की डावा बैल लंगडतो आहे. त्याने उतरून खूर पाहिला, काटा काढला आणि परत बसला. काठावर डोंगा लागलेला होता. सासू आधी चढली, मग नवरा. मी गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि बापाला "येतो" म्हटलं.