बिनमधला घोडेस्वार

गेल्या नवरात्रात, घट बसायच्या दिवशी, माझा देव हरवला. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा सांगण्यात मागंपुढं झालं तर देवानं पोटात घालावं. माणसांची माफी मी तोवर कधी मागितली नव्हती.

देव म्हणजे ज्योतिबाचा टाक. चांदीचा, दोन बोटांएवढा, त्यावर घोड्यावर बसलेला देव, हातात तलवार. कोल्हापूरजवळचं गाव सोडून मी नॉटिंगहॅमला मोज्यांच्या कारखान्यात कामाला निघालो, तेव्हा आईनं तो माझ्या बंडीच्या खिशात घालून वरून टाके घातले होते. सून सुप्रिया सकाळी म्हणाली, बाबा, मी उजळते टाक, तुमचे हात थरथरतात. मी म्हटलं, माझा देव मीच धुणार. चिंच लावून घासला, पेपरात गुंडाळून वाळायला ठेवला, चहा प्यायलो, आणि चिंचेचा चोथा सांडलेले सगळे पेपर गोळा करून रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकून आलो. सगळे म्हणजे सगळे.

दुपारी पाट मांडला तर टाक नाही. मी आधी सुनेलाच बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाबा, सकाळचे पेपर कुठं टाकलेत?" बाहेर धावलो. बिन रिकामा. कौन्सिलची कचरागाडी येऊन गेली होती. मी तिथंच भिंतीवर बसलो. वाटलं, इतकी वर्षं मी देवाला सांभाळतो अशी शेखी मिरवली, आता तो तरी कशाला थांबेल माझ्या घरी? आईला वर गेल्यावर काय सांगू?

सुप्रिया बाहेर आली. म्हणाली, "शेजारच्या स्टॅनकाकांना विचारा. त्यांनी झाकण उघडलं असणारच."

इथं सांगायला पाहिजे की स्टॅनशी मी तीन वर्षं बोलत नव्हतो. पोलंडचा म्हातारा, लढाईत गेलेला, शंभरीला एक कमी. दर आठवड्याला गाडी यायच्या आधी हा काठी टेकत यायचा, माझ्या बिनचं झाकण उघडायचा आणि मी चुकीचं टाकलेलं एकेक बाहेर काढून माझ्याच भिंतीवर मांडून ठेवायचा. नारळाची करवंटी, दह्याचा न धुतलेला डबा, चहाचा चोथा. येणारेजाणारे बघायचे. कौन्सिलचं पत्रक मला वाचता येत नाही आणि कुणाला विचारणं माझ्या स्वभावात नाही. एकदा भर रस्त्यात त्याला सांगितलं, माझ्या बिनमध्ये नाक घालायचं नाही आणि माझ्याशी बोलायचं नाही. तो म्हणाला, तुझ्यापेक्षा वाईट माणसांनी मला हुकूम दिलेत, मी त्यांचेही ऐकले नाहीत.

मी सुनेला म्हटलं, पाट रिकामा राहिला तरी चालेल, त्या दारात मी जाणार नाही. ती आत गेली आणि रिकाम्या पाटाभोवती रांगोळी काढू लागली. ते मला बघवेना. गेलो.

ह्या देशात लोक दिव्याच्या खांबाला धडकले तरी सॉरी म्हणतात. मी कारखान्यात जन्म काढला, पण तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. दार उघडल्यावर काढला. म्हातारा बाजूला झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीत मेरीच्या मूर्तीशेजारी, मिठाच्या बरणीला टेकून, माझा ज्योतिबा उभा होता. पुढं मेणबत्ती लावलेली.

स्टॅन म्हणाला, "खरकटा कागद रिसायकलिंगमध्ये चालत नाही. आणि घोडेस्वार कुठल्याच बिनमध्ये चालत नाही. माझे वडील घोडदळात होते."

"मग सकाळीच का नाही दिलास?"

"बोलायचं नाही असं तूच सांगितलंस. हा एक हुकूम तेवढा पाळला."

मग त्यानं चहा केला आणि मला बसवून घेतलं. लहानपणी रशियन सैनिकांनी त्याला आईबहिणीसकट घरातून उचलून रशियाच्या बर्फात नेलं. तिथून इराणात आले. हा वय वाढवून सांगून फौजेत शिरला, इटलीत लढला, पायात तोफगोळ्याचं लोखंड घेऊन इंग्लंडला आला. परत जायला घरच उरलं नव्हतं, म्हणून इथल्या कोळशाच्या खाणीत उतरला. तो लढत असताना त्याची आई आणि बहीण मात्र हिंदुस्थानात, वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत होत्या.

मी कप खाली ठेवला. वळिवडं आमच्या गावापासून चालत जायच्या अंतरावर.

बहीण तापानं फणफणली तेव्हा छावणीत दूध घालणारी बाई असाच टाक घेऊन आली आणि तिच्या उशाला ठेवून गेली, असं त्याची आई सांगायची. बहीण बरी झाल्यावर आईनं तो परत केला. पुढं इथं आल्यावर त्याला खाणीवर पाठवताना ती रोज एक शब्द म्हणायची. तो शब्द स्टॅननं मला म्हणून दाखवला, अगदी नीट.

"चांगभलं."

मी मान खाली घातली. ती दूधवाली कोण, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, देवानं सांगितलं नाही.

संध्याकाळी घट बसले. टाक सुनेनं पुन्हा उजळला, मी दुसऱ्यांदा सॉरी म्हटलं, ह्या वेळी तिला, मराठीत. स्टॅन खुर्चीत बसून आरतीला टाळ्या वाजवत होता, ताल सोडून.

नंतर मी पुष्कळ विचार केला. मी नियमानं वागलो असतो, ते पेपर बरोबर बिनमध्ये टाकले असते, तर त्यात कुणी हात घातला नसता. ज्या माणसाला मी दार बंद केलं त्याच्या हातात देव जाऊन बसला, आणि मला वाकूनच आणायला जावं लागलं. जन्मभर मी इतरांनी वाकावं म्हणून नवस बोललो. देवानं माझीच मान निवडली, बरं केलं.

आता सुप्रियानं पत्रक वाचून दाखवलंय. कुठलं काय कुठं टाकायचं, सगळं पाठ आहे. तरी दर आठवड्याला मी एक करवंटी चुकीच्या बिनमध्ये टाकतो आणि खिडकीशी उभा राहतो. झाकण वाजलं की समजतं, म्हातारा आहे. मग देवाला हात जोडतो आणि करवंटी आणायला बाहेर जातो.