आय कम

सोपान बसमधून उतरला आणि बस जागच्या जागी थांबून राहिली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावातली ही गोष्ट. मी त्याच्या आधी उतरून फुटपाथवर उभा होतो. दार उघडं, ड्रायव्हर सोपानकडे बघतोय, आतली माणसं ड्रायव्हरकडे बघतायत. शेवटी ड्रायव्हरने विचारलं, "येतोयस ना?" सोपानने हात जोडले, "येस, आय कम" म्हणाला आणि घराकडे चालू लागला.

आपल्याकडे निघताना माणूस 'येतो' म्हणतो. सोपानने त्याचं सरळ इंग्रजी केलं होतं आणि ते तो न्हावी, ग्रंथपाल, दातांचा डॉक्टर अशा सगळ्यांना ऐकवत असे. दातांच्या डॉक्टरने तर एकदा त्याच्यासाठी अर्धा तास खुर्ची रिकामी ठेवली होती.

"अरे, नुसतं बाय म्हण," मी एकदा त्याला सांगून पाहिलं.

"बाय म्हंजी काय, भाऊ? अर्धा शब्द. त्यात येनं न्हाई, जानं न्हाई."

"मग 'आय गो' म्हण."

"जातो म्हनलं की मानूस जातो," तो म्हणाला. "आपली जीभ इमानात बसली म्हनून येडी व्हती का?"

सोपान पारगावचा, मी डिंगोऱ्याचा. तो गावाकडच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता आणि एका वर्षाची रजा काढून शिकायला आला होता. पदवी घेऊन परतला तर बढती, नाहीतर पुन्हा जुन्याच टेबलावर, आणि रजा काही दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. तिकडे मोठा भाऊ एकटा ऊस सांभाळत होता. सोपानचं हे सगळं त्या एका वर्षावर टांगलेलं होतं आणि मला ते पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

आम्ही दोघं एका म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्याने राहत होतो. सोपान तिला मावशी म्हणायचा. तिला वाटलं, हे मराठीतलं 'नमस्कार'. म्हणून तीही त्याला मावशी म्हणू लागली. सकाळी स्वयंपाकघरात दोघं एकमेकांना "मावशी", "मावशी" म्हणत आणि चहा पीत. पहिल्या आठवड्यात सोपान "आय कम" म्हणून कॉलेजला गेला, तर तिने त्याचं सूप मंद आचेवर ठेवलं. संध्याकाळी तो परतला तेव्हा पातेल्याच्या तळाशी फक्त गाजराचे तुकडे चिकटलेले होते. मग ती सूप ठेवीनाशी झाली, पण तो बाहेर असला की दाराची कडी लावत नसे. उघड्या दारातून शेजारचं मांजर आलं आणि वर्षभर आमच्याकडेच राहिलं. फ्रिजवर सोपानने आमच्या भागाचा हाताने काढलेला एक नकाशा चिकटवला होता. त्यात डिंगोऱ्यावर माझं नाव, पारगावावर त्याचं, मध्ये आळेफाटा आणि एका कोपऱ्यात, प्रमाण सोडून, खूप मोठा ऊस.

कॉलेजात मात्र मी सोपानपासून चार पावलं लांब चालायचो. माझे मित्र त्याच्या 'आय कम'ची नक्कल करायचे आणि मी त्यांच्यात हसायचो. कधीकधी नक्कल सुरूही मीच केली आहे.

शेवटच्या तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते. सोपानने साखरेचे कण कसे बनतात हे सुरेख समजावून सांगितलं. एक परीक्षक "व्हेरी गुड" म्हणाले. सोपानला वाटलं, संपलं. तो उठला, हात जोडले, "आय कम" म्हणाला आणि बाहेर पडला. खरे प्रश्न अजून व्हायचे होते. परीक्षक पाऊण तास थांबले. एक जण पुरुषांच्या संडासात जाऊन हाका मारून आले. सोपान तेव्हा घरी, मावशीच्या जुन्या टबात लावलेल्या मेथीला पाणी घालत होता.

परीक्षा अर्ध्यात सोडली तर नापास, असा नियम होता. ऑफिसातल्या बाईंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "तुम्ही एकाच घरात राहता. त्याचं हे 'येतो' म्हणणं, हे तुमच्या भाषेतलं काही आहे का?"

माझे मित्र शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "मला कल्पना नाही. मी पुणे शहरातला आहे. त्यांच्याकडचं वेगळं असतं."

डिंगोऱ्याला आमच्या घरात आजवर कोणी 'जातो' म्हटलेलं नाही.

तासाभरात मावशी आली. ऑफिसमधून घरी फोन गेला होता, तेवढ्यावर ती रेनकोट आणि घरातल्या सपाता घालून निघाली होती. काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "मावशी जेव्हा येतो म्हणतो, तेव्हा तो जात असतो. सप्टेंबरपासून मी हे रोज बघतेय."

"पण त्यांच्याच देशातले हे गृहस्थ म्हणतात की..." ऑफिसातल्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. फ्रिजवरचा नकाशा ती रोज बघत होती. मग ती पुन्हा ऑफिसातल्या बाईंकडे वळली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा पुन्हा झाली आणि सोपान पास झाला. तो धरून चालला की मावशीला मीच पाठवलं. आम्ही गावाकडे परतल्यापासून आळेफाट्याच्या हॉटेलात कोणीही भेटलं की तो माझ्या पाठीवर हात ठेवून सांगतो, "ह्या भाऊमुळं साहेब झालो, राव. न्हाईतर बसलो असतो नळ्या धूत." मी चहात बघत राहतो. अशी बरीच वर्षं गेली.

गेल्या महिन्यात मावशीच्या भाचीचा मेल आला. मावशी गेली. सोबत फ्रिजवरच्या नकाशाचा फोटो होता. सोपान परतल्यावरही म्हातारी दिवसा दाराला कडी लावत नसे, असं भाचीने लिहिलं होतं. 'येतो'चा अर्थ तिला माहीत असून.

मी पारगावला गेलो. सोपानने फोटो बराच वेळ पाहिला. मग मी सगळं सांगितलं. कॉरिडॉर, मित्र, पुणे शहर. काहीही गाळलं नाही.

"मंग म्हातारीला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही. तिचं तिनेच ओळखलं."

"म्हंजी तिला मराठी येत व्हतं," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

मी ओट्यावर एकटाच बसलो. तो बाहेर येईना. आता इथे बसायचा आपल्याला हक्क नाही, असं वाटून मी चपला घातल्या आणि दाराकडे तोंड करून म्हणालो, "सोपान, जातो मी."

"जातो काय म्हनतो?" आतून आवाज आला. आवाज भरलेला होता, पण चिडलेलाही होता. "शिकून आला न् बोलायचं इसरला व्हय? येतो म्हन."

मी येतो म्हणालो. तसाच उभा राहिलो.

"आन् आता म्हनलाच हाईस तर ये," तो म्हणाला. "चहा टाकलाय."