न्हाणीच्या दारावरचा फुगवटा

गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःच केलेल्या दारामागं अडकलो. आंघोळ झाली, टॉवेल गुंडाळला, दार ढकललं, तर ढिम्म. वाऱ्यानं आदळताना बाहेरची कडी पडली होती. आधीही पडायची. मी हाक मारायचो, बायको उघडायची. त्या दुपारीही तोंडातनं तिलाच हाक गेली. तिला जाऊन वर्ष व्हायचं होतं.

खिडकी वीतभर. शेजारी लग्नाला गेलेले. ओरडून घसा बसला. दारावर तांब्या हाणला, तर तांब्यालाच पोचा पडला.

पडणारच, दार फायबरचं. शिरोलीच्या कारखान्यात जन्मभर मी फायबरचंच काम केलं. काचेच्या धाग्यांची मॅट हातानं फाटते. नुसतं रेझिन, म्हणजे वरनं लावायचा चिकट रस, वाळलं की बशीसारखं फुटतं. पण मॅट रेझिननं पुरती भिजवली, रोलर फिरवून हवा काढली, की दोन्ही एकमेकांना असं धरतात की घणाला दाद देत नाहीत. मधे तेल नाहीतर धूळ राहिली, की तिथं थर सुटतो.

या दारात तशी जागा एकच, कडीशेजारी. मालकाला विचारून सुट्टीदिवशी कारखान्यातच दार केलं, तेव्हा बायको बरोबर आलती. पहिल्या थरावर तिनं तेलाचं बोट कुंकवात बुडवून टेकवलं.

"अगं, तिथं रेझिन धरणार न्हाय."

"न धरू दे. घराचं दार हाय."

"न्हाणीचं हाय ते."

"मग तुमी काय घराभाईर आंघोळ करताय व्हय?"

पुसलं नाही. वरनं पुढचा थर दिला. तिथं रुपयाएवढा लालसर फुगवटा राहिला. ती गेल्यावर रोज त्यावर हात टेकायचो. तिच्या बोटाचं घरात तेवढंच उरलं होतं.

तिथं घाव घालवेना, म्हणून खाली बसून राहिलो. उकाड्यानं जीव घाबरा झाला. मरणाला भीत नाही असं लोकांना सांगतो, पण असं उघड्या अंगानं, कोंडून मरायची भीती वाटली.

शेवटी तिथंच तांब्याची कड हाणत राहिलो. थर पापुद्र्यासारखा उचलला, मागचा पातळ थरही फुटला. बोटं बाहेर घालून कडी वर केली.

संध्याकाळी लग्नाहून परतलेली शेजारीण भोक बघून म्हणाली, "मामा, दार बदला की. आतलं समदं दिसतंय."

"म्हाताऱ्याचं काय बघायचंय?"

ती हसत गेली. मी न्हाणीत बसून मोरीच्या जाळीशी हातानं चाचपत होतो. पांढरे तुकडे सापडले. लाल सगळं पाण्याबरोबर गेलं होतं.