अंदाजावर बंदी आणि परब काकांचा कुकर

किस्से फ्रीजमधल्या वाट्यांसारखे साठतात. एकीत उरलेली आमटी, दुसरीत अर्धं लिंबू, तिसरीत काय आहे ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही. भोईवाड्यातल्या आमच्या रविवारच्या क्लासच्या वाट्या इतक्या झाल्यात की फ्रीजचं दार लागेना. म्हणून आज थोड्या बाहेर काढते.

क्लास तावडे मावशींचा. पंचवीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं, मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. आता मंडळाच्या खोलीत, महाप्रसादाच्या ओट्यावर, ज्यांना चहासुद्धा येत नाही अशांना त्या शिकवतात. त्या यादीत मी पहिली. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हा घरच्यांनी ठरवलं की हिला आता निदान स्वयंपाक तरी यावा. शिकवणार कोण? आई.

"मीठ किती?"

"अंदाजाने."

"शिजलं ते कसं कळणार?"

"झालं की कळतं."

कॉलेजात पण असंच शिकवायचे, म्हणून तर सोडलं! या मोठ्या लोकांना जे येतं ते सांगता येत नाही, आणि वर ढ आपल्यालाच म्हणतात.

मावशींनी पहिल्याच दिवशी फळ्यावर 'अंदाज' लिहिलं आणि त्यावर काट मारली. हा शब्द जो काढेल त्याने सगळ्यांचा लसूण सोलायचा. आणि येताना प्रत्येकाने घरचा चहाचा कप आणायचा. सगळी मापं त्यातच. "पुस्तकातलो कप तुझ्या घरात असा काय गो? नाय ना? मगे तुझोच आण."

मी माझ्या कान तुटलेल्या कपाने भात लावला. एक कप तांदूळ, दोन कप पाणी. शीत न् शीत मोकळं! घरी तसाच केला. आई पातेल्यात बघतच राहिली. "पाणी किती घातलंस गं?"

मी म्हटलं, "अंदाजाने."

*

निनाद परळच्या टॉवरमधला. आयटीवाला. येताना डिजिटल वजनकाटा घेऊन आला आणि कढीपत्त्याची पानं तोलायला लागला.

"मावशी, मध्यम आच म्हणजे किती डिग्री?"

मावशींनी त्याला डोळे मिटायला लावले. "आता आयक. मोहरी बोलता हा. बोलायची थांबली की जिरा घाल."

डोळे मिटून त्याने आयुष्यातली पहिली फोडणी केली. उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी. धूर नव्हता हां, मी बघितलंय!

खुद्द मावशी आमच्याकडे पाठ करून पालेभाजी निवडत बसतात. मागे चार शेगड्या चालू. मध्येच, मान न वळवता, "दुसऱ्या, तुझा कांदा लागतोय." "चौथ्या, झाकण तिरकं." आणि खरंच तिरकं असतं! मला आयुष्यात फार कोणाबद्दल आदर वाटत नाही. पण त्या पाठीकडे बघून वाटतो.

*

दादरचे एक निवृत्त हेडमास्तर आले. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून. पहिला अर्धा तास त्यांनी आम्हालाच लेक्चर दिलं. "आमच्या हिच्या हाताला चव आहे. ती उपजतच असावी लागते."

मग पोळ्या लाटायला उभे राहिले. तिसऱ्या पोळीला म्हणाले, "एखादी खुर्ची मिळेल का?"

मावशी म्हणाल्या, "घरी ओट्याजवळ खुर्ची असा?"

"नाही."

"मग ती कशावर बसते?"

सरांनी चाळीस वर्षं शाळा चालवली, पण हा प्रश्न कधी पेपरात आला नव्हता. पुढच्या रविवारी ते तासभर उशिरा आले. वर्गात उशिरा येणाऱ्यांना म्हणे ते बाहेर उभं करायचे. स्वतःच दाराबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "उंच स्टूल घ्यायला गेलो होतो."

*

आता परब काका. चौऱ्याहत्तर वर्षांचे, आमच्याच गल्लीतल्या चाळीत एकटे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. काका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर कापड विणायला. त्या खडखडाटाने कान कायमचे गेले. समोर उभं राहून बोललं की ओठांवरून सगळं समजतं. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये. "करकरता" म्हणून.

एकदा त्यांचा कुकर करपला. शिट्ट्याच ऐकू आल्या नाहीत. शेजारच्या नाईक काकूंनी डोंबिवलीला प्रदीपला, म्हणजे काकांच्या मुलाला फोन लावला. "तुझे वडील एक दिवस चाळ पेटवतील!" प्रदीप दुसऱ्याच दिवशी हजर. "बाबा, एक महिना. एकट्याने पूर्ण जेवण करून दाखवा. नाहीतर खोलीला कुलूप, आणि माझ्याकडे चला."

काका क्लासला आले आणि मावशींची पंचाईत झाली. त्यांचं सगळं शिकवणं कानाने! मोहरी बोलते, कांदा रडतो, वरण गुरगुरतं. काकांना यातलं काहीच नाही. तीन रविवार, तीन काळ्या फोडण्या. तिसऱ्या रविवारी मावशींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "परबांनू, माका नाय जमणा तुमका शिकवूक." कुठल्याही मोठ्या माणसाने "मला जमत नाही" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं!

 निनादचा कुकर चालू होता. काकांनी ओट्याच्या दगडावर तळहात ठेवला. सहज, टेकल्यासारखा. मग म्हणाले, "आता येतली."

आणि शिट्टी झाली.

हात तिथेच. थोड्या वेळाने, "आता." शिट्टी!

मावशींनी विचारलं, कसं काय? काका म्हणाले, "मागात बिघाड झालो की कानाक कळायचो नाय. सगळेच माग ओरडत. हात ठेवलो की कळायचो."

मावशींनी फळ्यावरचा काट मारलेला 'अंदाज' पुसला नाही. पण त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना त्या आधी ओट्यावर हात ठेवायला लावतात. मला अजून काही कळत नाही. उकळतंय एवढंच कळतं.

*

परीक्षेच्या दिवशी काकांनी मावशींना आणि मला घरी बोलावलं. प्रदीप बाहेरच्या खोलीत घड्याळ बघत बसलेला. सोबत रिकामी सूटकेस. आणलीच होती पठ्ठ्याने!

वरण, भात, बटाट्याची भाजी, सोलकढी. काकांनी मोहरीच्या फोडणीत कढईच्या दांड्याला दोन बोटं लावली, थांबले, जिरं टाकलं. काळं नाही झालं. कुकरच्या तीन शिट्ट्या हाताने मोजल्या, गॅस बंद केला. मी श्वास सोडला.

काकांनी हात उचलला नाही.

"माझो बंद केलंय," ते म्हणाले. "मगे ह्यो थरथरता कोणाचो?"

चाळीतले ओटे पाठीला पाठ लावून. भिंतीतून एकच कडप्पा इकडून तिकडे गेलेला. पलीकडचं स्वयंपाकघर नाईक काकूंचं.

"शिटी येणा नाय. दाटला हा. धाव!"

मी आणि प्रदीप धावलो. नाईक काकू गॅलरीच्या टोकाला फोनवर. आत कुकर नुसता थरथरत होता, शिट्टीच्या भोकात डाळ अडकलेली, आवाज काही नाही. प्रदीपने गॅस बंद केला.  नाईक काकूंच्या हातातला फोन "हॅलो, हॅलो" करत राहिला.

परत आलो तर काका पानं वाढत होते. प्रदीप जेवायला बसला नाही. सरळ आत गेला, ओट्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग वडिलांसमोर उभा राहून म्हणाला, "मला काहीच कळत नाही, बाबा."

काकांनी त्याचे ओठ वाचले. सोलकढीची वाटी त्याच्या हातात दिली.

"रविवारी नऊ वाजता ये," ते म्हणाले. "कप आपापलो आणायचो."