मॉनिटरवरची सही

आमच्या पेडण्यात दर वडाखाली राखण करणारा एक देवचार असतो म्हणतात. मला एकही भेटला नाही, आणि भेटला असता तर मी त्यालाही टायपिंगच्या रांगेत बसवलं असतं. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... हसायचं तर हसा, पण आधी ऐका.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. बाजारात माझं टायपिंग सेंटर होतं. जुना मॉनिटर गेला म्हणून नवाकोरा आणला, तो जुन्या टीव्हीसारखा जाडजूड. खोक्यातून मीच काढला. तीन आठवड्यांत अक्षरांमागे सावल्या दिसायला लागल्या. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट खालीवर केला. शेजारचे स्पीकर लांब ठेवले, कारण त्यांच्यातल्या लोहचुंबकाने चित्र बिघडतं. केबल बदलली, दुसऱ्या सीपीयूला जोडून पाहिला. ढिम्म फरक नाही. शेवटी केबलच काढली — तरी 'नो सिग्नल'च्या मागे सावली होतीच.

मग मी ती वाचायला बसले. इंग्रजी कागद. पार्से गावचं काजूचं भाट, म्हणजे माहेरची बाग, माझं माहेरचं नाव, आणि मी माझा हक्क सोडत असल्याचा मजकूर. खाली सहीच्या दोन जागा. माझी रिकामी. दुसरीवर माझ्या नवऱ्याची सही. हे शेवटच्या अक्षरापुढे लांब फराटा ओढतात, तस्साच.

म्हापशाचा मेकॅनिक लांबूनच बघून म्हणाला, "ट्यूब जळलीय मॅडम. एकच पान महिनोन् महिने उघडं ठेवलं की असा डाग पडतो." अरे बाबा, मॉनिटर तीन आठवड्यांचा. हे पान मी कधी टाइप केलेलं नाही. आणि शाईची सही त्यात येणार कुठून, स्कॅनरसुद्धा नव्हता माझ्याकडे.

ते भाट बाबांनी लावलेलं. "अर्धं तुझं," म्हणायचे. गोव्यात मुलीचा वाटा असतोच, आणि लग्न झालेलीने तो सोडायचा तर नवऱ्याचीही सही लागते. असले कागद मी कितीतरी बहिणींचे टाइप केले होते. त्या न वाचता सही करायच्या, मी मनात त्यांना खुळ्या म्हणायची.

त्या रविवारी धाकटा भाऊ घरी आला. घडी घातलेला कागद पुढे केला, फक्त खालची रिकामी जागा दिसेल असा. "ताय, हंय सही कर. घरच्या लायटीचो कागद तो." खरं सांगते, सगळं वाचूनही मी पेन उचललं होतं. कडेवर वाढवलेला भाऊ तो. पण घडी उलगडली... तोच मजकूर, तेवढ्याच ओळी. यांची सही आधीच झालेली.

हे समोरच चहा घेत होते. "तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तुजोच भाव गो तो. परको न्हय," एवढंच म्हणाले, आणि उंडो पाव चहात बुडवून खायला लागले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भावाचं एक वेळ समजू शकते. पण हे? पंधरा वर्षं या माणसाला विचारल्याशिवाय मी साधी साडी घेतली नव्हती.

सही मी केली नाही. भावाने बोलणं टाकलं. सोमवारी मॉनिटर लावला तर पडदा लख्ख, पुढे तो चार वर्षं चालला.

यांची सही त्या काचेवर कशी आली, ते आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. यांनी ती कागदावर का केली, ते हे सांगू शकतात. अजून सांगितलेलं नाही.