फुआतिनोचा कोंबडा

आमच्या वाइतोआ गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायला चौकशी करावी लागत नाही. घरं खांबांवर उभी आणि चारी बाजूंनी उघडी. फुआतिनोचं घर माझ्या घरासमोर, त्यामुळे तिला मी लहानपणापासून ओळखते म्हणण्यापेक्षा लहानपणापासून बघत आलेय म्हणणं जास्त खरं. तिची आई माझी जिवाची मैत्रीण. ती गेली तेव्हा पोरीला वेणीसुद्धा नीट घालता येत नव्हती. तेव्हापासून मी तिची मावशी.

आता ती शहरात, आपियात, एका मोठ्या दुकानाच्या कचेरीत काम करते. दुकानाच्या पाटीवर तुरेवाला कोंबडा आहे, आणि बेटावर कुठेही जा, त्याची एखादी शाखा भेटतेच. फुआतिनो तिथे काही विकत नाही. ती लोकांच्या फोनवर निरोप पाठवते. तिने पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे पूर्वी ट्रकवर भोंगा लावून साखर स्वस्त झाली म्हणून ओरडत हिंडायचे, तेच ना?"

"तेच गं मावशी. फक्त आता ओरडायची सोय नाही. लोकांनी आपणहून फोन उघडून बघायला हवं."

तिच्या आधी हे निरोप ऑकलंडहून तयार होऊन यायचे. घाई करा, आजच घ्या, असा सगळा धसमुसळेपणा. वर माणसाचं नाव घालून. तिकडे ज्याचा त्याचा फोन असतो म्हणे. आमच्याकडे तो घराचा असतो. परदेशातल्या भावाने पाठवलेला, सकाळी मुलाच्या हातात, दुपारी सुनेच्या आणि जेवणाआधी आजीच्या मांडीवर. एकदा खालच्या आळीतल्या इओआनेच्या फोनवर निरोप आला, की काल तुम्ही पाहिलेलं बायकांचं अत्तर अजून शिल्लक आहे. आजीला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो नातीने खणखणीत आवाजात वाचून दाखवला. इओआनेची बायको तेव्हा मासे साफ करत होती. तिने कधी अत्तर लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुढचे काही दिवस इओआने घरात फार गोड बोलत होता.

फुआतिनोने नावं घालणं बंद केलं. तिचे निरोप 'या घराला आमचा नमस्कार' असे सुरू होतात, सभेत बोलायला उठलेल्या माणसासारखे. मुलांच्या रविवाराला, चर्चच्या त्या सणाला, पोरांसाठी पांढरं कापड लागतं, तर त्याचा निरोप बायका शिवायला बसतील अशा बेताने जातो. रविवारी तिचा फोन मुका. कधी, कुणाला, काय हवंसं वाटेल याचा तिचा अंदाज सहसा चुकत नाही, आणि त्याचा तिला थोडा तोराही आहे. असू दे. तिच्या वयाच्या निम्म्या मुली न्यूझीलंडला गेल्या. ही बापासाठी मागे राहिली. तिने तोरा मिरवला तर मला चालतो.

तो बाप म्हणजे फोलासा. साखरेच्या आजारात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तारोच्या मळ्यात चढवत नाही, होडीत बसवत नाही. आणि आमच्यात गावाची सेवा न करणारा माणूस जिवंत असून नसल्यासारखा. फोलासाकडे एकच सेवा उरली होती, ती म्हणजे घंटा. चर्चपुढच्या नीरफणसाला गॅसचं रिकामं सिलिंडर टांगलंय. दिवेलागणीला तो कुबडी टेकत तिथे जातो आणि लोखंडी गजाने ते वाजवतो. मग 'सा' लागतो. रस्त्यावर पोरं उभी राहतात, गाडी असो की माणूस, वेशीवरच थांबवतात, आणि घराघरात प्रार्थना सुरू होते. पुन्हा घंटा झाली की सुटका. गज हातात घेऊन तो कधी कधी झाडाखाली नुसताच उभा राहायचा. मला वाटायचं, दम खातोय.

या वर्षी दुकानाने फोनसाठी स्वतःचं ॲप काढलं. फुआतिनोच्या डोक्यातून कल्पना निघाली, की नवा निरोप आला की फोनमधून कोंबडा आरवायला हवा. साहेब खूश. पेसामिनो नाव त्याचं, आई-बाप इथले, पण जन्म ऑकलंडचा. त्याने पडद्यावर तिला दाखवलं, की संध्याकाळी एक वेळ अशी येते की सगळ्या बेटावर कुणी फोनला हात लावत नाही.

"तेव्हाच पाठवू या का? दुसरं काहीच येत नसतं. आपलाच कोंबडा ऐकू येईल."

"साहेब, ती प्रार्थनेची वेळ. तेव्हा आरवलात तर लोक कोंबडा मुरगळतील आणि मग आपल्याला."

त्याने हात जोडले. वाद घातला नाही, म्हणून मला तो बरा वाटतो. "मग तुम्हीच सांगा."

"सात वाजता. तोवर सगळीकडे प्रार्थना आटोपते, जेवण वाढायचं असतं, आणि पहिला हात फोनकडे जातो."

बोलली ती अगदी बरोबर.

पहिला निरोप जाणार त्या दिवशी ती कचेरीतून निघेना. हे तपास, ते तपास. बसवाल्या कितिओनाला फोन करून म्हणाली, जरा थांब रे. तो थांबला. बसमधल्या बायकांनी त्याचाही उद्धार केला आणि तिचाही. बस गावात शिरली तेव्हा अंधार पडला होता. तेवढ्यात घंटा झाली. फुआतिनो धावत घरात आली आणि बाप कुबडी टेकत परतताच त्याच्याशेजारी चटईवर बसली. माझ्या नवऱ्याने आमच्या घरी स्तोत्र सुरू केलं. समोर फोलासाने डोळे मिटले.

आणि फोलासाच्या खिशात कोंबडा आरवला.

मग माझ्या सुनेच्या फोनमध्ये. मग शेजारी, मग पलीकडे, असं करत सगळं गाव. भिंती नाहीत, कुठे अडणार? झाडांवर झोपलेले खरे कोंबडे जागे होऊन त्यांना उत्तर द्यायला लागले. थोरल्या मताईंच्या, म्हणजे आमच्या गावप्रमुखांच्या, घरात त्यांचा धीरगंभीर आवाज "हे प्रभो" म्हणत थांबला आणि त्यांच्या नातीचा फोन ओरडला. मी ओठ चावून खाली बघत होते. खोटं कशाला बोलू, मला हसू आवरत नव्हतं. पण समोर फुआतिनोचा चेहरा पाहिला आणि ते जिरलं.

शनिवारी फोनो, म्हणजे गावाची पंचायत, बसला. घराघरांचे मताई, म्हणजे कुळांचे प्रमुख, आपापल्या खांबाला टेकून बसले. आम्ही बाया शेजारच्या छपराखाली चटया विणत होतो. कान कुठे ठेवणार? फुआतिनो आणि फोलासा कडेला चटईवर बसले होते.

थोरले मताई म्हणाले, "मुली, तुझा कोंबडा आमच्या प्रार्थनेत का आला?"

"चूक माझी आहे. वेळ मी लावली. आपण द्याल ती शिक्षा कबूल."

"वेळ तू लावलीस. पण शेजारच्या गावात तो प्रार्थनेनंतर आरवला. सगळ्या बेटावर नंतर आरवला. आपल्याकडेच मध्ये कसा?"

मताई एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक मताई खाली बघत म्हणाले, "घंटा उशिरा झाली त्या दिवशी. आणि ती पहिलीच वेळ नाही."

फुआतिनोने बापाकडे पाहिलं. तो कुबडीच्या रबराशी चाळा करत होता. काही तरी सांगेल म्हणून मीही विणायची थांबले. तो नखाने रबरच टोकरत राहिला.

दंड म्हणून फोलासाच्या घराने एक डुक्कर आणि टिनातल्या माशांचे खोके द्यायचं ठरलं. ते सोसलं असतं. पण मग थोरले मताई म्हणाले, "फोलासा, घंटा गावाची आहे. पुन्हा उशीर झाला तर ती दुसऱ्याच्या हातात जाईल." फोलासाने मान डोलावली. मला इतका राग आला की हातातली चटईची पट्टी तुटली. एक पाय गेलेल्या माणसाचं दुसरं काय उरलंय काढून घ्यायला?

घरी आल्यावर फुआतिनो बापाला समजावत होती. आवाज गोड, पण मास्तरणीचा. "बाबा, वय झालं की विसरायला होतं. त्यात लाजायचं काही नाही. मी तुमच्या फोनवर गजर लावून देते. तो वाजला की तुम्ही घंटा वाजवायची. सोपं आहे ना?"

"सोपं आहे," फोलासा म्हणाला.

सोमवारी गजर वाजला. फोलासा झाडाखाली उभाच होता. गजर वाजून थांबला, तरी तो रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने घंटा वाजवली. तीही अशी, की शेजारच्या आळीत ऐकू आली असेल की नाही कोण जाणे.

बस तेव्हा वेशीबाहेर होती. पोरांनी हात आडवा धरला. दिवे मालवून कितिओनाने बस बाजूला घेतली आणि सगळे आतच बसून राहिले. ही गोष्ट मला फुआतिनोनेच सांगितली. कितिओना स्टिअरिंगवर डोकं टेकून हळूच म्हणाला, "आज म्हातारा रुसला की काय तुझ्यावर?"

"का?"

"का म्हणजे? आमच्या बसचा दिवा वळणावर दिसल्याशिवाय तुझा बाप घंटेला हात लावत नाही. किती वर्षं झाली. तुला माहीत नाही होय?"

ती सीटवरून पुढे सरकली.

"तू नोकरीला लागलीस त्या वर्षी एकदा आपण अशाच अडकलो होतो. तू उपाशी, डासांनी फोडून काढलेली, रडत घरी गेलीस. त्यानंतर कधी अडकलो का आपण? सांग ना. बाकीची गावं अडवतात, इथे कधी नाही. मला वाटलं, बापलेकीचं ठरलेलं असेल."

साऱ्या बेटावर कुठलं घर केव्हा फोन हातात घेतं हे जिला ठाऊक, तिला आपला बाप रोज संध्याकाळी कुठे बघत उभा असतो हे ठाऊक नव्हतं. आणि समोर राहून मलाही नव्हतं, म्हणून मी तिला हसायची नाही.

घरी आली तेव्हा तिच्यासाठी अळूच्या पानांतली पालुसामी केळीच्या पानाखाली झाकून ठेवलेली. फोलासा म्हणाला, "गजर छान वाजतो हं तुझा."

"तुम्ही मला सांगितलं का नाही, बाबा?"

"काय सांगायचं त्यात? बस यायची, मी वाजवायचो."

"फोनोत तरी बोलायचं!"

"मुलीसाठी प्रभूला थांबवून ठेवलं म्हणून सांगू? इतक्या मताईंपुढे?" मग केळीचं पान बाजूला सारत म्हणाला, "जेव आधी. गार होतंय."

ती जेवली. रडत जेवली, आणि मी माझ्या घरात दिव्याकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती माझ्याकडे आली. "मावशी, चल." आम्ही थोरल्या मताईंकडे गेलो. ते कोको पीत होते. फुआतिनो पायरीखालीच खड्यांवर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "घंटा माझ्यामुळे उशिरा होते. ती त्यांच्याकडून काढून घेणार असाल तर मला नोकरी सोडायला सांगा. पण घंटा राहू द्या."

त्यांनी कोकोचा घोट घेतला. "तुझा कोंबडा थांबवता येतो?"

"पुढे ढकलता येतो."

"बघू," ते म्हणाले. बघू म्हणजे काय, हे त्यांना विचारायची आमच्यात कुणाची टाप नाही.

बसमध्ये चढण्याआधी तिने बापाच्या फोनमधला गजर काढून टाकला.

"मग घंटा?" फोलासाने विचारलं.

"नेहमीसारखी."

"आणि मताई?"

"बघू म्हणाले."

कचेरीत पेसामिनोने पडदा दाखवून सांगितलं, की उशीर केला तर जेवणाच्या गडबडीत निम्मे लोक निरोप उघडणारच नाहीत. ती म्हणाली, मग निम्मे नाही उघडणार. त्याने विचारलं, नेमका किती उशीर? ती म्हणाली, आमची बस पोहोचून प्रार्थना आटोपेपर्यंत. तो तिच्याकडे बघत राहिला आणि हसला. पण वेळ त्याने बदलली.

त्या संध्याकाळी सूर्य बुडाला. शेजारच्या गावाची घंटा वाऱ्यावर ऐकू आली. आमची झाली नाही. घराघरात चटया पसरून माणसं बसली होती, पुस्तकं उघडी, आणि सगळ्यांची मान थोरल्या मताईंच्या घराकडे. फोलासा नीरफणसाखाली गज धरून उभा. या वेळी तो दम खात नाही हे मला कळत होतं. अंधार दाटत चालला. बस येईना. माझा नवरा पुटपुटला, "वाजव रे बाबा, वाजव." फोलासा हलला नाही.

मग वळणावर दिवा दिसला. बस थांबली, माणसं उतरली, आणि फोलासाने घंटा वाजवली. चांगली दणकून.

नेहमी लगेच पहिला आवाज थोरल्या मताईंचा येतो. तो आला नाही. फुआतिनो पिशवी छातीशी धरून रस्त्यातच उभी राहिली.

मग त्यांच्या घरातून आवाज आला, "आली का बस?"

"आली!" रस्त्यावरची पोरं ओरडली.

"सगळे उतरले?"

"उतरले!"

"मग फोलासाला घरी येऊ द्या," ते म्हणाले, "तोवर थांबतो आम्ही."